उळ्यासाठी कांदा: काढतानाच निवडायचा की चाळीतून?

घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, करणाऱ्यांत दोन पंथ आहेत, एक कांदा काढतानाच डोळ्यात भरेल तो बाजूला ठेवणारे आणि दुसरे दिवाळीच्या सुमाराला साठवणीच्या चाळीत जो टिकला त्यातून घेणारे. मी दोन्ही करून बघितलंय, एन-२-४-१ या रब्बी कांद्याच्या जातीवरच.

काढताना निवडायचा फायदा आहेच, पात समोर असते, करपा (पातीचा रोग) कुणावर किती आला ते दिसतं, जाड मानेचा आणि डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला तिथंच बाद करता येतो. पण हात जातो मोठ्या कांद्यावर, आणि मोठा सापडतो कुठं, तर बांधाच्या कडेला नाहीतर शेजारची दोन रोपं मेली तिथं. तो जागेवर वाढलेला, रक्तात काही नाही. वाफ्याची सरासरी ७० ग्रॅम, तुम्ही निवडले १२० चे, फरक ५०, आणि वजनाची हेरिटॅबिलिटी, म्हणजे फरकातला रक्तातून पुढं जाणारा वाटा, समजा ०.२ धरली तर पुढच्या पिढीत हाती १० ग्रॅम. तेही बाप तसाच असला तर, कारण कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून पराग बहुधा दुसऱ्या फुलाचा लागतो, माशी शेजाऱ्याच्या डोंगळ्यावरून (बियाला लावलेल्या कांद्याच्या फुलावरून) आली की संपलं.

माझं डोकं फिरवलं ते जोडकांद्यानं, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या दुहेरी कांद्यानं. मोठे निवडून केलेल्या उळ्याचा माल लिलावाला नेला, व्यापाऱ्यानं ट्रॉलीत हात घातला, चार जोड वर काढून ठेवले आणि काही न बोलता भाव पाडला. विरळ लागवडीनंही जोड होतात, सगळा दोष उळ्याला देत नाही, पण त्या वर्षी जरा जास्तच होते.

चाळीत सडणारे, मोड येणारे आपोआप गळतात. शिवाय लावताना वरचा तिसरा हिस्सा कापायचाच असतो, आत दोन डोळे (कोंब) दिसले की तो जोडाचा, तो कांदा भाजीला. त्रास एवढाच की तळाच्या दमट थरातला बिचारा चांगला असूनही सडतो, आणि भाव चढला की ठेवलेला कांदाही ट्रॉलीत जातो!

जमत असेल तर काढताना कडेचे सोडून प्रत्येक वाफ्यातून दहा-दहा वेगळ्या जाळीच्या गोणीत भरा, मग चाळीत त्यातले निवडा. तेवढा कुटाणा नको असेल तर मी आपला चाळीकडेच झुकेन. फक्त पन्नास-साठ कांद्यांवर भागवू नका, थोड्यांतच जुळणी होत राहिली की पीक कमजोर पडत जातं, मी दोनशेच्या खाली येत नाही.