एक्सेल आणि डेटाबेस शिकून नऊ महिने: केळीच्या हिशोबावर घासून पाहिलेला अनुभव

एमएस-सीआयटी झालेली, बी. कॉम. झालेलं, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येतं. एवढ्या भांडवलावर मी समजत होते की एक्सेल आपल्याला येतं. बेरीज करता यायची, रकान्यांना रंग देता यायचे, प्रिंट एका पानात बसवता यायची. जूनमध्ये एम. कॉम.ला प्रवेश घेतला आणि जळगावला संध्याकाळचा 'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल आणि डेटाबेस' असा तीन महिन्यांचा क्लास लावला. फी साडेचार हजार. त्याला आता नऊ महिने होत आले. भुसावळ-जळगाव गाडीत भेटणारी कॉमर्सची मुलं सारखी तेच विचारतात: क्लास लावू का, टॅली पुरे नाही का, डेटाबेस तर कॉम्प्युटरवाल्यांचं काम ना? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी क्लासचं उरकते. दोघींत एक कॉम्प्युटर, त्यावर एक्सेल २०१०. सर वरच्या पट्टीतल्या एकेका बटणावर बोट ठेवत पुढे जायचे. सरावाचा डेटा धुतल्या तांदळासारखा: प्रत्येक नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं, प्रत्येक तारीख खरी, मधे एक ओळ रिकामी नाही. त्यावर कुठलंही सूत्र लावा, चालतंच. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातच सेव्ह करायला सांगायचे. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, २००७ पासूनच्या नव्या प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत या जुन्या प्रकारामुळे सुमारे १६ हजार कोरोना रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नव्हत्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला कुठं एवढ्या ओळी लागतात?" तेही खरंच म्हणा. डेटाबेसला शेवटचे आठ दिवस मिळाले, त्यात नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे एकच माहिती दोनदा लिहावी लागू नये अशा मांडणीच्या, व्याख्या लिहून घेतल्या. सर्टिफिकेट मात्र चांगल्या जाड कागदाचं आहे.

खरं शिकणं सुरू झालं ते ऑगस्टमध्ये, रावेर तालुक्यातल्या सावद्याला.

माझे मामा तिथं केळीची खरेदी करतात. शेतकऱ्याच्या बागेत कटाई, काट्यावर वजन, त्या दिवसाच्या भावानं पट्टी, आणि पैसे जमतील तसे दोन-तीन हप्त्यांत. कोणी आधी उचल घेतलेली असते, ती वळती करायची. हे सगळं लाल वहीत. दोन वर्षांपूर्वी मुनीमजींनी ते कॉम्प्युटरवर चढवायला घेतलं होतं. राखीला गेले तेव्हा मामा म्हणाले, "तू शिकू राहिली ना, मग पाय जरा." फाइल उघडली. २,३०० ओळी होत्या. एका तासात मला कळलं की क्लासमध्ये मी पोहणं शिकले ते कोरड्या हौदात.

पहिला घोळ नावांचा. आमच्या त्या पट्ट्यात पाटील, चौधरी, महाजन या तीन आडनावांत अर्धी यादी संपते. सावद्यात नुसत्या 'पाटील' नावानं माणूस शोधणं म्हणजे भुसावळ स्टेशनात रूळ शोधणं. त्यात एकच माणूस कुठं 'पाटील', कुठं 'पाटिल', कुठं नावापुढे एक जागा सुटलेली. डोळ्याला ती दिसत नाही, एक्सेलला दिसते. नुसत्या जागेचा प्रश्न ट्रिम या फंक्शननं सुटतो. पण काही ओळी कशालाच जुळेनात. शेवटी फॉन्ट बदलून पाहिला, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची कचरापट्टी. मुनीमजींनी अर्धी नावं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. आपल्याकडे जुन्या फाइली घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला हा धोंडा लागणार, आणि कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये तो नाही. मी ती नावं हातानं परत टाइप केली. दोन दिवस गेले.

दुसरा घोळ तारखांचा, आणि हा जवळून पाहण्यासारखा आहे. मामांच्या कॉम्प्युटरची मूळ सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना मग दिवस. मुनीमजी आपले सरळ १२/०७ आणि पुढे साल असं लिहीत गेले. एक्सेलनं त्याचा अर्थ लावला ७ डिसेंबर. १३/०७ आणि साल लिहिल्यावर तेरावा महिना नसतो म्हणून त्यानं ती तारीख मानलीच नाही, मजकूर म्हणून डावीकडे चिकटवून ठेवली. त्यामुळे प्रत्येक महिन्यात पहिले बारा दिवस उजवीकडे आणि पुढचे डावीकडे, असा रकाना दिसायचा. मुनीमजींना वाटायचं, कॉम्प्युटरच तसा आहे. मी महिन्यावार पिव्होट, म्हणजे गटवार बेरजेचा तक्ता, काढलं आणि ऑगस्टमध्ये बसून मामांना डिसेंबरची खरेदी दाखवली. मामा काही बोलले नाहीत, चहा सांगितला. विंडोजमध्ये रीजन 'भारत' केलं की पुढच्या तारखा सरळ येतात, शिवाय स्वल्पविराम लाख-कोटीच्या हिशोबानं पडतात. जुन्या मात्र आपोआप सुधारत नाहीत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या वेगवेगळ्या काढून दुरुस्त कराव्या लागल्या.

मग व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली माहिती शोधून दुसरीत आणणारं सूत्र. क्लासमध्ये यावर पूर्ण दोन दिवस दिले होते, त्यामुळे माझा हात बसलेला. उचलीची यादी वेगळी होती. ती शेतकऱ्याच्या नावावरून पट्टीच्या यादीत आणली. सगळे रकाने भरले, कुठं लाल खूण नाही. मी खूश. मामांनी चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं. "यानं घेतली पंचवीस हजार उचल? यानं जन्मात कोणाकडं हात पसरला नाही. तुझं मशीन येडं झालं का वं?" मशीन शहाणं होतं. शेवटच्या जागी 'फॉल्स' लिहायचं मी विसरले होते. ते नसलं की व्हीलुकअप अंदाजे जुळणी करतं, आणि यादी क्रमानं लावलेली नसेल तर कोणाचीही रक्कम उचलून देतं. या शेतकऱ्याचं नाव उचलीच्या यादीत नव्हतंच. 'सापडलं नाही' असं यायला हवं होतं, तिथं दुसऱ्याची उचल आली. हे मामांच्या डोक्यात २१२ शेतकऱ्यांचे व्यवहार पाठ होते म्हणून सापडलं. एखाद्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीच्या हातून हे झालं असतं तर कोणाला कळलं असतं? त्या दिवसापासून रिकाम्या जागेपेक्षा भरलेल्या जागेची मला जास्त भीती वाटते.

नवं एक्सलुकअप मुळातच अचूक जुळणी करतं, ते बरं आहे. पण ते एक्सेल २०२१ पासून पुढे किंवा ३६५ मध्येच मिळतं. माझ्या लॅपटॉपवर केलेली फाइल मामांच्या २०१६ वर उघडून आकडा बदलला तर सूत्राच्या जागी '#NAME?' अशी चूक दिसते. खानदेशात काम करायचं असेल तर जुनं व्हीलुकअप आणि इंडेक्स-मॅच दोन्ही येऊ द्या, समोरचा कॉम्प्युटर कुठल्या सालचा निघेल सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका सीएंच्या ऑफिसात महिनाभर बसले. काम एकच: पार्टीचं खरेदी रजिस्टर आणि दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येणारं जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारं खरेदीचं विवरण, यांचा मेळ. ताज्या केळीवर जीएसटी नाही, त्यामुळे मामांकडे हे कधी पाहिलंच नव्हतं. इथं कळलं की काही आकडे हे आकडे नसतातच. बिल नंबर ००४५ टॅलीतून आला की एक्सेलमध्ये ४५ होतो, आणि २बी मधल्या ००४५ शी जुळत नाही. एक्सेल पंधराच अंक नीट सांभाळतं, म्हणून सोळा अंकी बँक खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. ज्याची बेरीज कधी करणार नाही, ते मजकूर म्हणूनच टाकायचं. जीएसटी क्रमांकाचं उलट कौतुक वाटलं: पंधरा अक्षरं, पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. रावेर सोडून बऱ्हाणपूरला गेलं की महाराष्ट्राच्या २७ चे मध्य प्रदेशाचे २३ होतात, म्हणजे आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर. लेफ्ट फंक्शननं पहिले दोन अंक काढले की पाच मिनिटांत चुकीच्या कराची बिलं वेगळी पडतात. सीए सर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी नाव घेऊन बोलले.

डेटाबेसकडे मी वळले ते डिसेंबरात, आणि खरं सांगायचं तर वैतागून. शेतकऱ्याचा मोबाइल बदलला की चाळीस ओळींत बदला. एखादी सुटली की झालंच. तेव्हा क्लासची ती व्याख्या आठवली. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली ही रिलेशनल पद्धत साध्या भाषेत एवढंच म्हणते: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा, बाकी ठिकाणी तिचा नंबर द्या. आपल्या खतावणीत पान नंबर टाकायची पद्धत यापेक्षा फार लांबची नाही. मी तीन टेबलं केली: शेतकरी, खरेदी, आणि चुकारा म्हणजे दिलेले पैसे. प्रत्येक शेतकऱ्याला एक नंबर. मुनीमजी आधी चिडले, "माणसांना नंबर द्यायला हा काय तुरुंग आहे?" पण परवा एक शेतकरी पट्टी घ्यायला आला आणि नाव सांगायच्या आधी म्हणाला, "एकशे सत्तेचाळीस."

सुरुवात लिबरऑफिस बेसवर केली, फुकट आहे म्हणून. पंधरा दिवसांनी एसक्यूलाइटवर आले. तेही फुकट, सगळा डेटाबेस एका फाइलीत, सर्व्हर लागत नाही. अ‍ॅक्सेस कॉलेजच्या अभ्यासक्रमात आहे आणि फॉर्म बनवायला सोपं आहे. फक्त विंडोजवर चालतं आणि एका फाइलीला दोन जीबीची हद्द आहे, पण आपल्यासारख्यांना ती कधी लागणार नाही. एसक्यूलाइटमध्ये मी एका ठिकाणी आपटले. नसलेल्या शेतकऱ्याच्या नंबरवर खरेदी टाकली तर डेटाबेसनं अडवायला हवं, असं वाचलं होतं. अडवलं नाही. तिथं हा पहारा सहसा बंद असतो, दर वेळी जोडणी उघडल्यावर तो चालू करावा लागतो. मला हे कळेपर्यंत अकरा बेवारशी नोंदी आत गेल्या होत्या.

मामांचा पहिला प्रश्न साधा होता: कोणाचे किती द्यायचे राहिले? मी तिन्ही टेबलं जॉइन केली, यादी काढली. मामा म्हणाले, "ज्यांना अजून रुपया दिला नाही ते कुठं गेले?" खरंच गेले होते. साधा जॉइन दोन्हीकडे सापडणाऱ्यांनाच धरतो. चुकारा टेबलात ज्याची एकही नोंद नाही तो यादीतून बाद. म्हणजे ज्याला सगळ्यात आधी पैसे द्यायचे तोच गायब. पहिल्या टेबलातले सगळे ठेवणारं लेफ्ट जॉइन केलं, ते परत आले. पण आता एकूण खरेदी एवढी फुगली की मामा म्हणाले, एवढी केळी तर अख्ख्या शिवारात नाही. रात्री अकरापर्यंत बसले. एका शेतकऱ्याच्या तीन खरेद्या आणि दोन चुकारे असले की जोडताना प्रत्येक खरेदी प्रत्येक चुकाऱ्याला भेटते, ओळी होतात सहा. खरेदी दुप्पट, चुकारा तिप्पट. आधी खरेदीची बेरीज शेतकरीवार वेगळी, चुकाऱ्याची वेगळी, आणि मग दोन्ही शेतकऱ्याला जोडायच्या, तेव्हा हिशोब बसला. हे मला कोणी फळ्यावर शिकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते.

आता सांगायचं तर, टॅली सोडू नका, जळगावात नोकरी त्यावरच मिळते. पण टॅलीतून बाहेर पडलेला डेटा कोणीतरी चाळावा लागतो आणि तो चाळणारा माणूस ऑफिसात बहुधा एकच असतो. गूगल शीट्स बागेतून मोबाइलवर नोंद करायला बरं पडतं, शेतकऱ्याचा नंबर ड्रॉपडाउनमधून निवडायला लावला की स्पेलिंगची कटकट जाते. मात्र बागेत रेंज नसली की मुनीमजींचा फोन येतोच. क्लासचे साडेचार हजार मी परत खर्च करणार नाही. तेवढ्यात जुन्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम झाली असती. ओळखीच्या कोणाची तरी खरी, घाणेरडी फाइल मागून घ्या. किराणा दुकान, डाळ मिल, जिनिंग, काहीही. द्यायला लोक कां-कूं करतात, तेव्हा नावं झाकून मागा.

मामा अजून लाल वही लिहितात. रोज संध्याकाळी वही आणि स्क्रीन समोरासमोर ठेवून बेरीज पडताळतो. कांदेबाग हंगामातल्या केळीचा माल सुरू झाल्यापासून रोजची बेरीज जुळते, पण सुरुवातीच्या बाकीत ३४० रुपयांचा फरक येतोय. मामा म्हणतात फाइलीत आहे, मी म्हणते वहीत आहे. या रविवारी परत सावद्याला जाणार आहे.