सरकारी गाडीने ठोकलं, वकीलबाईंनी सावरलं

सिग्नलला थांबले होते. मागून केंद्र सरकारच्या एका खात्याची गाडी येऊन आदळली. मानेला पट्टा आणि उजव्या हाताला सतत मुंग्या. मला वाटलं, ड्रायव्हरवरच केस करायची. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत नीट समजावलं: तो ड्युटीवर होता, त्यामुळे इथे अमेरिकेत १९४६ च्या फेडरल टॉर्ट क्लेम्स अ‍ॅक्टखाली दावा थेट सरकारवर होतो. तोही लगेच नाही. आधी त्या खात्याकडे २ वर्षांच्या आत लेखी क्लेम द्यायचा.

त्यासाठी फॉर्म ९५ असतो. त्यातला रकमेचा रकाना भरायला बाई माझ्याबरोबर अख्खी दुपार बसल्या. तिथे 'योग्य ती भरपाई' लिहून चालत नाही, नेमका आकडा लागतो. पुढे कोर्टात त्याहून जास्त मागणं फार अवघड. फिजिओथेरपीची बिलं, बुडालेला पगार, पुढचे उपचार... पेन्सिलीने लिहिलेला आकडा त्यांनी तीनदा खोडला. माझा हात पेन धरताना कापतो, हे त्यांनी न सांगता टिपलं आणि तेही कागदावर आणलं. त्या क्षणी मला रडू आलं.

फी स्पष्ट सांगितली: खात्याशी तडजोड झाली तर जास्तीत जास्त २० टक्के, कोर्टात गेल्यावर २५. ही मर्यादा कायद्यातच आहे.

ऑफिसमधून फोन उशिरा येतात, हे मात्र खटकलं. खात्याला उत्तरासाठी ६ महिने असतात. माझी तडजोड पाचव्या महिन्यात झाली. माझ्या बहिणीलाही मी यांच्याकडेच पाठवेन.