पीएल कुठं काढायची: गावी, रूमवर की अभ्यासिकेत?

पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की जळगाव-धुळ्याच्या रूमांवर एकच विषय निघतो: गावी जायचं का? एम-थ्री (तिसरा गणिताचा पेपर) नाहीतर क्वांटमसारखा डोकं खाणारा पेपर समोर असतो, मागच्या सेमिस्टरची केटी (राहिलेला विषय) मानेवर बसलेली असते, आणि निर्णय मात्र मेस चालू राहणार की बंद होणार यावर घेतला जातो. मी अशा पोरापोरींना शिकवतो, त्यामुळे सांगतो. 'कुठं अभ्यास जास्त होईल' हे नंतर बघा, आधी ताण नेमका कशाचा आहे ते बघा. विषय डोक्यात शिरत नाही म्हणून धाकधूक आहे, झोप उडाली म्हणून आहे, की लोक विचारतात म्हणून? या तिन्हींवर एकच जागा लागू पडत नाही.

आधी घर. घराचा खरा फायदा दोन गोष्टींत: पोट आणि झोप. मेसच्या पातळ वरणानं वैतागलेलं पोट कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर चार दिवसांत ताळ्यावर येतं. रात्री दोनला उठवून 'अजून तीन युनिट बाकी आहेत यार' म्हणणारं कुणी नसतं. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, म्हणून ज्याचं रात्री एक-एक वाजेपर्यंत छताकडे बघत बसणं सुरू झालंय, त्याला घराइतकी स्वस्त आणि चांगली जागा नाही.

पण घर म्हणजे कोणत्या सत्रातलं घर, हे आधी विचारा. हिवाळी परीक्षेच्या तोंडावर शिवारात कापूस फुटलेला असतो. मजूर मिळत नाहीत, दर वाढलेले असतात. वडील 'तू अभ्यास कर' असंच म्हणतात, पण घरातले सगळे सकाळी वेचणीला निघून गेले आणि आपण ओट्यावर गणितातला लाप्लास ट्रान्सफॉर्म घेऊन बसलो की पान उलटत नाही. शेताच्या लाइटची पाळी रात्रीची असेल तर मोटार चालू करायला कुणीतरी जाणार, आणि तरणाताठा मुलगा घरात असताना म्हातारा माणूस अंधारात जातोय हे बघवत नाही. एक दिवस तुम्ही जाता, मग रोजच जाता.

उन्हाळी सत्रात आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि वाळवणं. मुलांचं यात फारसं बिघडत नाही, हळदीच्या डीजेनं एखादी रात्र जाते एवढंच. मुलींचं मात्र बिघडतं. बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा पहाटेच शिजायला लागतो, ऊन तापायच्या आत त्या थापून व्हायला हव्यात, आणि 'तू बसूनच तर आहेस' या एका वाक्यावर अख्खी सकाळ जाते. आखाजीला माहेरी आलेल्या आत्या, त्यांची पोरं, त्यात पाहुण्यांचा चहा. ज्या घरात मुलीच्या अभ्यासाला 'बसणं' म्हणतात, तिथं पीएल काढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. आईशी आधी फोनवर बोलून 'दुपारी दोनपर्यंत मला हाक मारायची नाही' एवढं ठरत असेल तरच जा.

शिवाय गाव विचारतं. ओट्यावरचे आजोबा, दूधवाला, किराणावाला, सगळे: "व्हयना का रे अभ्यास?" म्हणजे झाला का रे अभ्यास? प्रेमानंच विचारतात. पण केटीच्या पोराच्या पोटात दर वेळी गोळा येतो. तुमचा ताण लोकांच्या विचारण्याचाच असेल, तर गावी जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता रूम. अडलेलं सोडवायला हिच्यासारखी जागा नाही. लाप्लासच्या गणितात पार्शल फ्रॅक्शनपर्यंत तुम्हाला येतं, पुढं इनव्हर्स घेताना अडतं. पार्टनर कपाटाच्या दारावर मार्करनं दोन ओळी लिहितो, 'हे इथं शिफ्टिंग लावायचं' म्हणतो आणि तीन तासांचा गुंता पाच मिनिटांत सुटतो. गावी हेच अडलं तर नेटवर्क शोधत गच्चीवर जावं लागतं आणि व्हिडिओतले सर भलतंच उदाहरण घेतात. विषय कळत नाही हेच ज्याचं दुखणं, त्याला दिलासा देऊन काही होत नाही, त्याला गणित सुटावं लागतं. त्यानं रूम सोडू नये.

रूमचा तोटा असा की भीती साथीसारखी पसरते. रात्री साडेअकराला ग्रुपवर 'मोस्ट इम्पॉर्टंट' यादी येते, तिच्यात तुम्ही न केलेले चार प्रश्न असतात. कुणीतरी 'यंदा पेपर टफ काढलाय म्हणे' सोडून देतो. त्याला हे कुणी सांगितलं, हे कुणीच विचारत नाही. मग स्टँडवर चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री ११ च्या कटिंगमधलं निम्मं पहाटे ४ लाही अंगात असतं. झोप येत नाही म्हणून ताण आणि ताणामुळे पुन्हा चहा, हा फेरा बहुतेक रूमवरच सुरू होतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली असेल तर बोलायलाच नको. पारा ४४ च्या पुढं गेलेल्या दिवशी रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते.

अभ्यासिकेचं थोडक्यात सांगतो. कूलर किंवा एसी, गार पाणी, शांतता, आणि मोबाइल काढला तर शेजारच्याची नजर. फी बहुतेक ठिकाणी महिन्याचीच घेतात, पंधरा दिवसांची विचारून बघा, कधी कधी मिळते. मुलींनी बंद होण्याची वेळ आणि परतीचा रस्ता आधी पाहून घ्यावा. शेजारी एमपीएससी आणि पोलीस भरतीची मंडळी बारा-बारा तास बसलेली दिसतात. त्यांच्याशी स्वतःची तुलना सुरू केली की नवाच ताण उभा राहतो. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, पल्ला वेगळा.

पण एका कामाला अभ्यासिका तिन्हींत सरस: घड्याळ लावून, पुस्तक मिटून जुना पेपर पूर्ण सोडवणं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढं निघाले. पीएलमध्ये आपण नेमकं उलटं करतो: नोट्स रंगवतो, वाचलं की येतंय असं वाटतं, आणि हॉलमध्ये हातपाय गळतात. दोन-तीन पेपर असे बसून सोडवले की 'काय येत नाही' याची यादी हातात येते. तिच्यातल्या पाच गोष्टींची भीती ही अख्ख्या पुस्तकाच्या भीतीपेक्षा आवरायला सोपी.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढा, असाही सल्ला फिरतो. २०११ च्या एका प्रयोगात त्यानं मार्क वाढलेले दिसले होते. २०१८ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा फरक आढळला नाही. फुकट आहे, करून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून युनिट सोडू नका.

तर माझी निवड. केटीचा किंवा न कळणारा विषय असेल तर रूम, पण साडेदहानंतर ग्रुप म्यूट आणि चहा संध्याकाळी सहापर्यंतच. झोप बिघडली असेल आणि घर खरोखर निवांत असेल, तर पहिले आठ दिवस घर आणि मग रूम. लोकांच्या विचारण्याचा जाच असेल, तर दिवसा अभ्यासिका आणि रात्री रूम. घरी फोन रोज एकदा, जेवणाच्या वेळी.

आणि दोन आठवडे झोपच नाही, घास उतरत नाही, सगळं संपवून टाकावं असं मनात येतंय, तर हा जागेचा प्रश्नच राहत नाही. घरच्या एकाला सांगा आणि १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

गावी गेलात तर परतीचं गणित आधी मांडा. अमळनेर-धरणगावच्या पोरांना भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी आहे, एक दिवस आधी आलं तरी चालतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांनी दोन दिवस आधी निघावं, घाटात एसटी बंद पडली तर दुसरी कधी येईल सांगता येत नाही. पहाटेची गाडी पकडून त्याच दिवशी पेपरला पोचायचा हिशेब कुणीच करू नये. आणि हॉलतिकीट रूमवरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून गावी जाऊ नका. किल्ली पार्टनरकडे असते, आणि पार्टनर रावेरला.