जुनी जीटीएस की नवी हायब्रिड? ९११ घेण्यापूर्वी

पोर्शने मे २०२४ मध्ये ९११ ची सुधारित आवृत्ती सादर केली आणि १९६३ पासून चालत आलेल्या या स्पोर्ट्स कारच्या रस्त्यावरच्या आवृत्तीला जीटीएस या अधिक ताकदवान प्रकारात पहिल्यांदाच हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड देणारी, यंत्रणा मिळाली. त्यामुळे २०२१ मध्ये आलेली जीटीएस शोधावी की नवी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर आता नुसत्या अश्वशक्तीवरून देता येत नाही.

आकड्यांत नवी गाडी निर्विवाद पुढे आहे. जुनीची ताकद ४८० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ५७० न्यूटन मीटर होता, नवीचे हेच आकडे ५४१ आणि ६१० आहेत. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या सर्किटवर नवी गाडी जुनीपेक्षा ८.७ सेकंद आधी फेरी पूर्ण करते आणि वजन मात्र ५० किलोनेच वाढले आहे. हायब्रिड म्हटले की अवजड बॅटरी आणि चार्जिंगची केबल डोळ्यांसमोर येते, पण येथील बॅटरी १.९ किलोवॅट-तासांची, २७ किलो वजनाची असून ती बाहेरून चार्ज करावी लागत नाही, आणि केवळ विजेवर ही गाडी चालतही नाही.

खरी करामत टर्बोमध्ये, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात, आहे. जुन्या तीन लिटरच्या इंजिनाला दोन टर्बो होते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक्झॉस्टच्या वायूंनी त्यांची चाके वेग घेईपर्यंत क्षणभर थांबावे लागे. नव्या ३.६ लिटरच्या इंजिनाला एकच टर्बो आहे, परंतु त्याच्या दांड्यावर बसवलेली विजेची मोटर तो लगेच फिरवते, आणि एक्झॉस्टमध्ये जास्तीची ऊर्जा असेल तेव्हा तीच मोटर वीज तयार करते. गिअरबॉक्समधील दुसरी मोटर १५० न्यूटन मीटरपर्यंत भर घालते. विजेचा असा उपयोग मला मनापासून पटतो, कारण त्यातून पेट्रोल इंजिनाचा स्वभाव पुसला जात नाही, उलट अधिक तत्पर होतो.

रूपाबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. इंडिकेटर हेडलाइटमध्येच सामावल्याने पुढचा भाग स्वच्छ झाला, हे खरे; तेथील गरजेनुसार उघडझाप करणाऱ्या उभ्या झडपाही हवेचा अडथळा आणि थंडावा यांचा मेळ साधतात, म्हणून त्यांना निव्वळ सजावट म्हणता येणार नाही. आत मात्र आर.पी.एम. (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) दाखवणारा मधला खराखुरा काटा जाऊन १२.६ इंचांचा वक्र पडदा आला आहे. पडद्यावर जुन्या तबकड्यांसारखे चित्र निवडता येते, तरी काळ्या तबकडीवर काटा सर्रकन वर चढताना पाहण्याची जागा ते घेऊ शकत नाही. स्टीअरिंगच्या डावीकडे फिरवून इंजिन सुरू करण्याची खुंटीही गेली. आता तेथे बटण आहे.

गिअरबॉक्सपाशी निर्णय जवळजवळ आपोआप होतो. नव्या जीटीएसमध्ये केवळ पीडीके हा पोर्शचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळतो, तर जुनीत सात गिअरचा मॅन्युअलही उपलब्ध होता. ज्यांचा आनंद क्लच आणि गिअरच्या दांड्यात आहे, त्यांनी जुनी जीटीएस पाहावी. नवीच गाडी हवी असेल, तर ३९४ अश्वशक्तीची, हायब्रिड नसलेली, सहा गिअरच्या मॅन्युअलची करेरा टी ही ९११ अधिक जुळेल. गाडी दहा-पंधरा वर्षे ठेवायची असल्यास ४०० व्होल्टची यंत्रणा वॉरंटीनंतर कोण दुरुस्त करील, याचीही चौकशी आधीच करावी. सर्किटवर नियमित जाणाऱ्याला मात्र मी हायब्रिडच सुचवीन, कारण वळणातून बाहेर पडताना पाय दाबताच मिळणारी ताकद तेथे दर फेरीत उपयोगी पडते.