रुग्णनोंदी विभागाचे काम मोजणारी संगणकप्रणाली : वापरानंतरचे परीक्षण

कोल्हापुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या रुग्णनोंदी विभागाची, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या एमआरडीची, जबाबदारी माझ्याकडे आहे. फाईल कुठे आहे हे दाखवणारी आणि त्याबरोबरच प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाचा हिशेब ठेवणारी एक संगणकप्रणाली आमच्या व्यवस्थापनाने विकत घेतली. तिचे नाव येथे देत नाही. अशीच खरेदी करू पाहणाऱ्या इतर रुग्णालयांना उपयोग व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

फाईल शोधण्याच्या कामात ही प्रणाली निःसंशय चांगली आहे. बारकोड लावलेली फाईल वॉर्डात आहे, डॉक्टरांच्या सहीसाठी थांबली आहे की विम्याच्या दाव्यासाठी बाहेर गेली आहे, हे लगेच कळते आणि आवक-जावक रजिस्टर चाळत बसावे लागत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. ती मुदत पाळणे आम्हाला या प्रणालीमुळे खरोखर सोपे झाले.

अडचण आहे ती कामाच्या निकषांची. प्रणालीत आधीपासून भरून आलेला आकडा होता दर माणशी दिवसाला ४० फाईल, म्हणजे तेवढ्या फाईल तपासून, आजाराला त्याचा ठरलेला कोड देऊन बंद करायच्या. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची वेळ वजा केली, तर एका फाईलला १२ मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. मोतीबिंदूच्या किंवा साध्या प्रसूतीच्या फाईलला तेवढा वेळ पुष्कळ झाला. पण कर्करोगाच्या फाईलला तो कसा पुरावा? आमच्याकडे येणारे रुग्ण एकट्या कोल्हापूरचे नसतात. सिंधुदुर्गातून येतात, निपाणी-बेळगाव भागातूनही येतात. तपासणी एका गावी, शस्त्रक्रिया आमच्याकडे आणि केमोथेरपी तिसरीकडे, असे अनेकदा घडते. आधार कार्डावर एक नाव, जुन्या केसपेपरवर माहेरचे दुसरेच आणि सोबतचे काही कागद कन्नडमध्ये असले, की ही व्यक्ती आपल्याकडे आधी नोंदवलेली आहे का, एवढे ठरवण्यातच बराच वेळ जातो.

स्तनाच्या कर्करोगाच्या एका फाईलचे उदाहरण देतो. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘स्तनाचा कर्करोग’ असे लिहिले होते. तेवढ्यावर आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला सी५०.९, म्हणजे ‘नेमकी जागा नमूद नाही’ हा कोड टाकून फाईल बंद करता आली असती आणि प्रणालीने तिची एक पूर्ण फाईल म्हणून नोंद घेतली असती. आमच्या सहकारी ताईंनी शस्त्रक्रियेची टिपणे उघडून पाहिली, तेव्हा गाठ वरच्या बाहेरच्या भागात होती असे दिसले, म्हणजे कोड सी५०.४. पुढे पॅथॉलॉजीचा अहवाल वाचून त्यांनी पेशीप्रकाराचा कोड ८५००/३ दिला. यातला तिरप्या रेघेनंतरचा ३ हा अंक आजार आक्रमक, म्हणजे आजूबाजूच्या भागात शिरलेला, असल्याचे सांगतो. तेथे २ पडला असता, तर आजार जागच्या जागी असल्याची नोंद झाली असती. काम झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “सर, असं नीट वाचत बसलं तर आज आकडा भरायचा नाही.” आकडा न भरल्यामुळे त्या दिवशी प्रणालीच्या सर्वांना दिसणाऱ्या तक्त्यात त्यांचे नाव लाल रंगात आले.

हे मला गंभीर वाटते. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित, म्हणजे त्या भागातल्या सर्व कर्करुग्णांची, नोंदणी चालू आहे. अशा नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन केसपेपर वाचतात. रुग्णालयाच्या फाईलमध्ये जे नाही, ते त्यांना तरी कोठून मिळणार? घाईने टाकलेला मोघम कोड कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण त्याने पुढची आकडेवारी कच्ची राहते.

आम्ही कंपनीच्या इंजिनिअरना बोलावून हे सारे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यानंतर आम्ही फाईलच्या प्रकारानुसार प्रत्यक्ष लागणारा वेळ टिपला. त्यासाठी नेहमीचे आठवडे घेतले, तसेच डेंग्यूचे रुग्ण वाढतात ते पावसाळ्यातले आठवडेही घेतले. त्या नोंदींवरून साध्या, मध्यम आणि अवघड फाईलना वेगवेगळे गुण ठरवले. कर्करोग आणि पोलीस केस, म्हणजे एमएलसी, अवघड गटात गेल्या. नव्याने रुजू झालेल्यांचा निकष प्रशिक्षण संपेपर्यंत कमी ठेवला. काही फाईल दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून पुन्हा कोड करून घेण्याची पद्धत घातली आणि डॉक्टरांच्या अपुऱ्या टिपणामुळे अडकलेली फाईल कर्मचाऱ्याच्या खात्यावर धरायची नाही, असे लेखी ठरवले. सर्वांसमोर नावे झळकवणारा तक्ता बंद केला. कोणाचे काम मागे पडत असेल, तर त्याबद्दल त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे, असे ठरवले.

गुणांचा हा बदल करून देण्यासाठी कंपनीने वेगळे शुल्क घेतले, ते मला मुळीच पटले नाही. शिवाय नातेवाइकांना प्रती काढून देणे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या दाव्यांचे कागद जुळवणे, न्यायालयात फाईल घेऊन जाणे ही कामे प्रणालीत अजूनही मोजली जात नाहीत. ती आम्ही हाताने वहीत लिहून महिनाअखेरीस जमेला धरतो. २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला, तर शिरोळकडून येणाऱ्यांना रुग्णालय गाठणेही शक्य नसते. असे दिवस सरासरीतून वगळण्याची सोय आम्ही मागितली आहे, ती अजून मिळालेली नाही.

फाईलचा माग ठेवण्यासाठी ही प्रणाली घ्यायला माझी हरकत नाही. मात्र करार करताना तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : फाईलच्या प्रकारानुसार गुण बदलण्याची मुभा आणि तीही विनाशुल्क, फाईलबाहेरच्या कामांसाठी वेगळा रकाना, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद पाहून तिच्यावर हरकत घेण्याचा अधिकार. कंपनी तिसऱ्या अटीला तयार नसेल, तर फक्त बारकोडचा भाग विकत घ्यावा आणि कामाचे निकष विभागातल्या माणसांसोबत बसून ठरवावेत.