३०८, मेगान की सी४? फ्रान्समध्ये जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

ल्यॉनमध्ये वापरलेली हॅचबॅक शोधायला लागलं की फिरून फिरून प्यूजो ३०८, रेनो मेगान आणि सिट्रोएन सी४ याच तिघींपाशी येतो माणूस. मी सी४ घेतली, पण तुम्ही पण तीच घ्या असं नाही म्हणत हां.

प्यूजो आणि सिट्रोएन १९७६ पासून एकाच घरात आहेत, त्यामुळे इंजिन बरेचदा तेच, १.२ प्युअरटेक, आणि त्याचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो, म्हणून ऑइल वेळेवर बदललंय का हे सर्व्हिसच्या कागदांवर बघितल्याशिवाय दोघींपैकी कुणाचाही सौदा करू नका. बाकी फरक स्वभावाचा.

मेगान सरळमार्गी. चावीऐवजी कार्ड, रेडिओची बटणं स्टिअरिंगमागच्या दांडीवर, ही रेनोची जुनी खूण. नाशिकला महिंद्राबरोबर बनायची ती लोगन ज्यांनी चालवलीय त्यांना कळेल, नखरे नाहीत. पण जीव जडत नाही, काय करणार.

३०८ मात्र चालवायला भारी, वळणावर तर विचारूच नका. दिसते पण झकास. आता प्यूजोनी २०१२ च्या २०८ पासून स्टिअरिंग छोटं केलं आणि मीटर वर नेला, म्हणजे आकडे स्टिअरिंगच्या आतून नाही, वरून बघायचे. ज्यांना स्टिअरिंग खाली, मांडीजवळ चालतं ते यावर खूश असतात, मला ते छातीसमोर लागतं, तसं लावलं की वेगाचा आकडा रिममागे, आणि खाली केलं की मला गुडघे अडल्यासारखं वाटतं. एरवी चाललं असतं हो, पण ल्यॉनमध्ये २०२२ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे, सारखी नजर आकड्यावर, आणि दर वेळी मान उंच करायची म्हणजे डोक्यात जातं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

सी४ वळणावर जरा झुकते, मागच्या काचेच्या मधोमध स्पॉयलर येतो त्यामुळे रिव्हर्सला कॅमेऱ्यावरच भिस्त. पण शॉकअपच्या दोन्ही टोकांना हायड्रॉलिक स्टॉप, म्हणजे तेलाने धक्का अडवणारे थांबे, आहेत, स्पीडब्रेकरवर शेवटचा धक्का तिथेच जिरतो. सिट्रोएनच्याच १९५५ च्या डीएस गाडीचं ते तेल-गॅसवालं सस्पेन्शन हे नव्हे, पण हौस तीच. एसीला खरीखुरी बटणं आहेत, स्क्रीनमध्ये शोधत बसावं लागत नाही. मागे बसून आईला गाडी लागायची, हिच्यात अजून तरी नाही लागली.

३०८ बघायला गेलात तर आधी स्टिअरिंग तुमच्या रोजच्या उंचीला लावा. आकडा नीट दिसला तर बिनधास्त घ्या, नाही दिसला तर सी४ ची एक चक्कर मागा, जमलं तर स्पीडब्रेकरवाल्या रस्त्यावर.