पियानो स्पर्धेचा अर्ज भरताय? आधी साथीचा वाद्यवृंद पाहा

आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेची माहिती वाचताना नजर आधी बक्षिसाच्या रकमेवर जाते. माझा आग्रह आहे, की त्याआधी साथीला कोण बसणार ते पाहावं. चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद, आणि पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा तुमच्याकडून अगदी वेगळ्या गोष्टी मागतात.

स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावची क्लारा हास्किल स्पर्धा पहिल्या वळणाची. १९६३ पासून ती दर दोन वर्षांनी होते आणि लोझानच्या चेंबर ऑर्केस्ट्रानं तिथं अंतिम फेरीला साथ केली आहे. बक्षीस एकच. परीक्षकांना कोणीच पटलं नाही, तर तेही दिलं जात नाही. दुसऱ्या टोकाला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची क्लायबर्न स्पर्धा, १९६२ पासूनची. २०२२ मध्ये अठरा वर्षांच्या युनचान लिमनं अंतिम फेरीत रॅखमनिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवला आणि पहिला आला. बक्षीस होतं १ लाख डॉलर, शिवाय तीन वर्षं मैफलींचं व्यवस्थापन.

त्या कॉन्चेर्टोत मागे चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा असतो. तिथं दमसास लागतो, खांद्यातून वजन उतरवता यावं लागतं. एखादा स्वर निसटला तरी लाटेत वाहून जातो. मोझार्टच्या के. २७१ या कॉन्चेर्टोत (‘के.’ म्हणजे त्याच्या रचनांच्या कोशेल यादीतला क्रमांक) मात्र तंतुवाद्यांखेरीज दोन ओबो आणि दोन हॉर्न, बस्स. पियानो दुसऱ्याच मात्रावर्तनात बोलू लागतो, म्हणजे सावरून बसायलाही उसंत नाही. पेडल जरा जास्त दाबलं, सरगम किंचित धावली, की सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. ओबोवाला वाक्य संपवताना श्वास कसा घेतो, ते ऐकून पुढचं वाक्य उचलावं लागतं. मला स्वतःला ही परीक्षा जास्त कठीण वाटते, आणि जास्त प्रिय.

मोझार्ट टाळता येईल या भरवशावर मात्र राहू नका. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत उपांत्य फेरीत वालोनियाच्या रॉयल चेंबर ऑर्केस्ट्रासोबत मोझार्ट वाजवावा लागतो. मग अंतिम फेरीतले बारा जण एकेक आठवडा वॉटर्लूला फोनशिवाय राहतात, एक अप्रकाशित नवी रचना बसवतात आणि मोठ्या वाद्यवृंदापुढे येतात. २०२२ मध्ये क्लायबर्नच्या उपांत्य फेरीतही मोझार्ट होताच. दोन्ही बाजू तयार असतील, तर ब्रुसेल्स.

ठरत नसेल, तर मोझार्टचा के. ४१४ घ्या. तो नुसत्या चार तंतुवादकांसोबतही वाजवता येतो, अशी सोय खुद्द मोझार्टनंच ठेवली होती. चार मित्र जमवून तीन-चार तालमी करा आणि ध्वनिमुद्रण ऐका. व्हायोलाची ओळ ऐकत ऐकत तुम्ही आपला आवाज आपसूक खाली आणला असेल, तर वेवेचा अर्ज भरा. सतत पुढे रेटत राहिला असाल आणि त्यातच मजा आली असेल, तर फोर्ट वर्थचा.